रोमचे म्हातारे चेहरे

मार्चमध्ये मी आणि ताई रोमला जाऊन आलो. कोलोसियम, त्रेवीचं कारंजं, जिलातो हे सगळं झालंच, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला बघायची होती ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन माणसांची संगमरवरी व्यक्तिशिल्पं, आणि त्यातही म्हाताऱ्यांची. मी शाळेत इतिहास शिकवते, ताई नाशिकला दातांची डॉक्टर आहे. ग्रीक शिल्पकारांचे देव आणि खेळाडू देखणे, नितळ. रोमन लोकांनी मात्र इसवी सनपूर्व पहिल्या शतकात टक्कल, कपाळावरच्या आठ्या, गळ्याची लोंबणारी कातडी हे सगळं दगडात कोरून घेतलं, तेही स्वतःचे पैसे मोजून. हे त्यांना का हवंसं वाटलं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात कित्येक वर्षं होता.

सोमवार : कॅपिटोलाईन टेकडी

रोममधली बरीच सरकारी आणि महापालिकेची संग्रहालयं सोमवारी बंद असतात. कॅपिटोलाईन उघडं असतं, म्हणून सुरुवात तिथून. (तुम्हीही सोमवारी पोचणार असाल तर असंच करा.) मायकेलअँजेलोने आखलेल्या चौकाच्या दोन्ही बाजूंच्या वाड्यांत हे संग्रहालय आहे आणि एकाच तिकिटावर दोन्ही बघता येतात.

आधी भेटला ‘ब्रूटस’. हे कांस्याचं डोकं इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातलं मानतात. ब्रूटस हे नाव सोळाव्या शतकातल्या हौशी अभ्यासकांनी चिकटवलेलं. माणूस खरा कोण, याचा त्या नावाशी संबंध नाही. पण डोळे बघा! कांस्यात वेगळे बसवलेले पांढरे डोळे आणि त्यात बुबुळं, अजून शाबूत. आपण खोलीत कुठेही उभं राहिलो तरी हा माणूस आपल्याला जोखतोय असं वाटतं. दाढी आखूड, ओठ मिटलेले, गाल किंचित आत. सुरकुत्यांचा थाट अजून सुरू व्हायचाय, पण करारी चेहऱ्याची आवड इटलीत किती जुनी आहे ते इथे कळतं.

समोरच्या वाड्यात सम्राटांचं दालन आहे. भिंतींना लागून दोन ओळींत साठाहून अधिक डोकी, साधारण काळाच्या क्रमाने मांडलेली. पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ उडतो. मग एक साधी युक्ती कामाला येते, ती इथे सांगून ठेवते: डोळे बघा. बुबुळ सपाट, कोरं असेल तर शिल्प बहुधा सम्राट हेड्रियनच्या आधीचं. तेव्हा बुबुळं रंगवत आणि तो रंग आता उडून गेलाय. बुबुळ कोरलेलं, बाहुलीला खड्डा पाडलेला असेल तर साधारण इ.स. १३० च्या नंतरचं. हे लक्षात आल्यावर ताई प्रत्येक दालनात तारखा सांगायला लागली आणि पाटीशी ताडून बघायला लागली.

या दालनात मी सगळ्यात जास्त वेळ डेशियससमोर थांबले. कारकीर्द २४९ ते २५१, एवढीच. गॉथ टोळ्यांशी लढताना मारला गेला. बाकीचे बरेच सम्राट समोर बघतात. हा मान वळवून, भुवया वर ओढून कुठेतरी बाजूला बघतोय. नाकाच्या दोन्ही अंगांनी तोंडाकडे उतरणाऱ्या खोल रेघा, कपाळावर आडव्या आठ्या, डोळ्यांखाली पिशव्या. खुरट्या दाढीसाठी छिन्नीने नुसते बारीक टोचे मारलेत. कलेच्या पुस्तकांत याला ‘चिंताग्रस्त सम्राट’ म्हणून दाखवतात. माझं मत जरा वेगळं आहे. ही चिंता त्याने लपवलेली नाही, दाखवायला लावलीय. साम्राज्य डगमगत असताना लोकांना असाच चेहरा हवा असणार, त्यांच्यासाठी झोप उडालेला.

खाली उतरलो तेव्हा वारा बोचरा सुटला होता. मार्चमध्ये जाणार असाल तर दिवसा ऊन आहे म्हणून स्वेटर हॉटेलवर ठेवू नका.

मंगळवार : पलाझ्झो मास्सिमो

तेर्मिनी स्टेशनसमोरच्या या इमारतीसमोरून हजारो प्रवासी बॅगा ओढत जातात आणि आत मात्र शुकशुकाट. माझ्या मते व्यक्तिशिल्पांसाठी रोममध्ये एकच जागा बघायची असेल तर ही.

तळमजल्यावर तिवोलीचा सेनापती उभा आहे. तिवोलीच्या हर्क्युलिस मंदिराच्या परिसरात सापडलेला, इ.स.पू. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याला पहिल्यांदा बघताना माणूस चक्रावतो. धड एखाद्या तरण्याबांड ग्रीक वीराचं, पोटाचे स्नायू घोटीव, कमरेला नुसतं वस्त्र गुंडाळलेलं. आणि त्यावर डोकं साठीच्या माणसाचं! गाल खपाटीला गेलेले, गळ्यावर शिरा, तोंडाभोवती वळ्या.

ताई बाजूला जाऊन त्याचा जबडा न्याहाळत होती. म्हणाली, “अगं, याच्या दाढा गेल्यात बघ. मागच्या दाढा गेल्या की गाल असे आत ओढले जातात, आणि नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर कमी होतं. माझ्याकडे कवळी बसवायला येतात ना, त्यांचा चेहरा बाजूने अस्साच दिसतो.”

मग आम्ही त्या मजल्यावरच्या प्रजासत्ताक काळातल्या प्रत्येक डोक्याची बाजूने तपासणी केली. ओठ आत वळलेले, हनुवटी पुढे आलेली, कानशिलाला खळगा, कानाची पाळी सैल. दगड फोडणाऱ्या माणसाने तोंडाच्या आतली रिकामी जागा बाहेरच्या कातडीवर दाखवलीय. आमचं हे वाकून बघणं एका वयस्कर पहारेकऱ्याने पाहिलं. आम्हाला वाटलं आता ओरडा बसणार. त्याने चष्मा कपाळावर चढवला, आम्हाला खुणेने खिडकीच्या बाजूला बोलावलं आणि तोडक्या इंग्रजीत म्हणाला, “समोरून नाही, इथून. सकाळी इथून.” तिरक्या उजेडात त्या डोक्याची एकेक रेघ उठून आली. त्यानंतर पूर्ण आठवडाभर आम्ही हेच केलं: आधी खिडकी कुठे आहे ते बघायचं, मग शिल्प.

इथे मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. पाचसहा म्हातारे ओळीने पाहिले की जाणवतं, आठ्या त्याच, गालावरच्या रेघा त्याच, मिटलेले ओठही तेच. प्रत्येकाचं नाक-डोकं वेगळं आहे, म्हणजे माणूस ओळखता येतो. पण म्हातारपण मात्र ठरलेल्या साच्यातलं. हुकूमशहा सुल्लाने इ.स.पू. ८१ मध्ये केलेल्या कायद्याने क्वेस्टर, प्रेटर आणि कॉन्सल या चढत्या सरकारी पदांसाठी किमान वय अनुक्रमे ३०, ३९ आणि ४२ वर्षं लागे. एकेक पायरी चढत, निवडणुका लढवत, मोहिमा काढत वर गेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती ही त्याची सनद होती. ती शिल्पकाराने गाळली असती तर गिऱ्हाईक रागावलं असतं! कधीकधी असलेल्यापेक्षा चार रेघा जास्तही कोरून घेतल्या असतील, अशी मला दाट शंका आहे. त्यामुळे याला नुसतं ‘जसं होतं तसं’ म्हणणं मला पटत नाही.

आणि मग येतो ऑगस्टस. व्हिया लाबिकाना रस्त्यावर सापडलेला, डोक्यावरून पदर घेतलेला, महापुरोहिताच्या रूपातला. हे पद त्याला इ.स.पू. १२ मध्ये मिळालं, तेव्हा तो पन्नाशीत होता. गाल जरा ओढलेले आहेत, नजर थकलेली आहे म्हणा हवं तर, पण खोल सुरकुती एकही नाही. कपाळावरची बटांची ती ठरलेली मांडणी, दुभंगलेली, तरुणपणी होती तीच. तो इ.स. १४ मध्ये गेला तेव्हा शहात्तरीला टेकला होता. त्याचा म्हातारा चेहरा कुठल्याही शिल्पात नाही. एकट्याच्या हाती सत्ता आली आणि सनदेची गरज संपली. पुढे नीरोनंतरच्या यादवीतून वर आलेल्या व्हेस्पेशियनने (६९ ते ७९) टक्कल आणि आठ्या पुन्हा आणल्या. तो मोठ्या घराण्यातला नव्हता, शिपाईगडी होता, आणि लोकांना तेच सांगायचं होतं. रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहिलंय की त्याचा चेहरा सतत जोर लावत असल्यासारखा दिसे. दगडातही दिसतो.

ज्या दालनात कांस्याचा मुष्टियोद्धा बसलाय तिथे थोडा वेळ राखून ठेवा. तो ग्रीक परंपरेतला आहे, आमच्या विषयाचा नाही, पण त्याच्या जखमांत तांबं भरून रक्त दाखवलंय ते जवळून बघण्यासारखं आहे.

तळघरात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. रोमच्या नाण्यांवर हयात असताना चेहरा उमटलेला पहिला रोमन म्हणजे सीझर, इ.स.पू. ४४ मध्ये. त्याचीही मान वळ्यावळ्यांची. हे बघताना मला आमच्या नाशिकजवळची जोगळटेंभी आठवली. तिथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा सापडला, त्यातली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे मारून पुन्हा चलनात आणलेली. नहपानाच्या त्या नाण्यांवरचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे भरल्या गालाचा तरुण, कुठे बसक्या गालाचा म्हातारा. रोमशी आपल्या किनाऱ्याचा व्यापार त्या काळी जोरात होता. राजाचा चेहरा नाण्यावर उमटवायची ती रीत समुद्र ओलांडून किती पोचली असेल, यावर मला परत आल्यावर बरंच वाचायचं आहे.

बुधवार : पाऊस आणि वीजघर

सकाळपासून पाऊस. मेट्रोच्या बी मार्गाने गार्बातेल्ला स्टेशन, तिथून छत्री सांभाळत चालत सेन्त्राले मोंतेमार्तिनी. हे १९१२ मध्ये सुरू झालेलं वीजघर. १९९७ मध्ये कॅपिटोलाईनच्या साठ्यातली शिल्पं तात्पुरती म्हणून इथे आणली आणि ती इथेच राहिली. काळ्या, तेलकट चकाकीच्या अजस्र डिझेल इंजिनांसमोर पांढरे संगमरवरी लोक. गर्दी नाही, घाई नाही.

आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो तो तोगातुस बार्बेरिनी. टोगा नेसलेला पुरुषभर उंचीचा माणूस, आणि दोन्ही हातांशी एकेक डोकं: डाव्या हातात एक अर्धपुतळा, उजवा हात दुसऱ्यावर, ज्याला खाली ताडाच्या खोडाचा टेकू आहे. हे त्याचे पूर्वज, बहुधा वडील आणि आजोबा. दोघांच्या चेहऱ्यांत फरक आहे. एकाची घडण जुन्या धाटणीची, दुसऱ्याची नंतरची. म्हणजे शिल्पकाराने पिढीचं अंतरसुद्धा दाखवलं. मधल्या माणसाचं स्वतःचं डोकं मात्र मूळचं नाही. प्राचीनच आहे, पण दुसऱ्याच कुणाचं, नंतर बसवलेलं. ज्याने एवढ्या अभिमानाने वाडवडील मिरवले त्याचाच चेहरा हरवलाय, हे मला फार लागलं.

पॉलिबियस हा ग्रीक इतिहासकार इ.स.पू. दुसऱ्या शतकात ओलीस म्हणून रोममध्ये राहिला. त्याने मोठ्या घरातल्या अंत्ययात्रेचं वर्णन केलंय. मेलेल्या पूर्वजांचे हुबेहूब मुखवटे घरात लाकडी कपाटांत जपलेले असत. घरात कुणी गेलं की ते बाहेर काढायचे, उंची-बांधा जुळणाऱ्या माणसांनी ते चढवायचे, ज्याने जे पद भूषवलं त्याचा पोशाख करायचा आणि रथातून चौकात जाऊन हस्तिदंती खुर्च्यांवर ओळीने बसायचं. मग भाषणात मृताबरोबर त्या प्रत्येकाची कामगिरी सांगायची. रोमन लेखक प्लिनी सांगतो की हे चेहरे मेणाचे असत. मेणाचा एकही मुखवटा आता उरलेला नाही.

हे मी ताईला सांगत होते आणि ती मध्येच म्हणाली, “म्हणजे आपले वीर!” नाशिककरांना वेगळं सांगायला नको. धुळवडीला घराघरांतून पूर्वजांचे टाक निघतात, पोरांना वीराचा वेश चढतो, वाजतगाजत गोदेवर जातात आणि टाकांना स्नान घालून परत देव्हाऱ्यात. आमच्या मामांकडचा टाक ताईने लहानपणी मिरवलाय. मला पुस्तकात वाचून जे कोरडं वाटत होतं ते तिला एका क्षणात कळलं. घरातल्या जुन्या चेहऱ्याला मान द्यायचा तर तो चौकात न्यायलाच हवा.

दुपारी तेस्ताच्चोत जेवलो. बाजारातल्या गाळ्यावर गरम सुप्ली (भाताचे तळलेले गोळे, आत चीज), आणि मग एका छोट्या खानावळीत पुदिना-लसूण भरून शिजवलेलं आर्टिचोक. मार्च म्हणजे त्याचा हंगाम. मालकीणबाई सत्तरीच्या पुढच्या असतील. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या मनाने एकेक ताट आणत गेल्या. सुप्लीच्या सारणात बऱ्याचदा खिमा असतो, त्यामुळे आधी विचारून घ्या. कट्टर शाकाहारी असाल तर आणखी एक सांगते: पेकोरिनो रोमानो चीजमध्ये कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, म्हणजे ते चीज घातलेला काचो ए पेपे पास्तासुद्धा तुमच्यासाठी नाही.

गुरुवार : व्हॅटिकन

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, एवढंच सांगते. गर्दी सिस्टिन चॅपेलकडे पळत असते. तिच्याबरोबर वाहत गेलात तर शिल्पं मागे राहतात. काही दालनं अधूनमधून बंद असतात, म्हणून आत शिरल्यावर लगेच चौकशी करा.

प्रिमा पोर्ताचा ऑगस्टस पाहिला, १८६३ मध्ये त्याच्या बायकोच्या, लिव्हियाच्या, बागबंगल्याच्या जागी सापडलेला. तेज आहे, यात शंका नाही. पण आमचे पाय अडकले ते एका जोडप्यापाशी. थडग्यावरचं शिल्प, नवरा-बायको शेजारी, उजवा हात एकमेकांच्या हातात. लोक पूर्वी त्यांना केटो आणि पोर्शिया म्हणत. प्रत्यक्षात ते ग्रातिदियस लिबानस आणि ग्रातिदिया ख्रिते, गुलामीतून सुटलेली माणसं. तो सुरकुतलेला, केस विरळ. ती तरुण, नितळ, भांग नीट पाडलेला. तिने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवलाय.

ताईने विचारलं, “बाईला म्हातारी का नाही दाखवत?” दाखवतात, पण फार कमी. बायकांना निवडणूक नव्हती, पद नव्हतं. त्यांच्या सुरकुतीला सनदेची किंमत नव्हती. लिव्हिया ८६ वर्षं जगली असं मानतात आणि तिचीही शिल्पं शेवटपर्यंत जवळपास तशीच राहिली. सुरकुत्या कोण मिरवू शकतो आणि कोण नाही, यावरून त्या समाजाबद्दल जेवढं कळतं तेवढं मला एखाद्या जाड ग्रंथातून कळलं नव्हतं.

शुक्रवार : संप, आणि बेकरीवाला

सकाळी खाली आलो तर मेट्रो-बसचा संप. रोममध्ये असे संप बहुधा शुक्रवारी असतात आणि आधी जाहीर झालेले असतात, त्यामुळे शुक्रवारचा बेत चालण्याजोगा ठेवावा. आम्ही तेर्मिनीहून पोर्ता माज्जोरेपर्यंत पायी गेलो.

तिथे ट्रामच्या तारांच्या गुंत्यात मार्कस व्हर्जिलियस युरिसॅसेस या बेकरीवाल्याचं थडगं आहे. गोल गोल भोकांचं विचित्र बांधकाम. ती भोकं कणीक मळण्याच्या यंत्रांची असावीत असं मानतात. वरच्या पट्टीत धान्य तोलण्यापासून पाव भाजण्यापर्यंतची सगळी कामं कोरलीत. १८३८ मध्ये वेशीचे जुने बुरूज पाडताना हे उजेडात आलं. थडग्यावरच्या लेखात त्याने स्वतःचा धंदा सांगितलाय, हुद्दा नव्हे. कपाटात मुखवटे ठेवायला त्याला वाडवडील नसतील. भाजलेला पाव होता, तो त्याने दाखवला. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पिझ्झा बियांका घेतला आणि तिथेच कठड्याला टेकून खाल्ला.

रविवार : आप्पिया

शनिवार नातेवाइकांसाठीच्या खरेदीत गेला. रविवारी जुन्या आप्पिया रस्त्याला गाड्यांची वर्दळ कमी असते, म्हणून तो दिवस राखून ठेवला होता. ११८ नंबरची बस पकडा, पाण्याची बाटली घ्या (रस्त्याच्या कडेच्या सार्वजनिक नळांचं पाणी पिण्याचंच असतं) आणि जाड तळाचे बूट घाला. जुने काळे फरशीचे दगड घोटे पिळून काढतात. सायकल भाड्याने मिळते, पण त्या दगडांवर मी ती सुचवणार नाही.

सेसिलिया मेतेल्लाच्या गोल थडग्यापुढे चालत गेलं की दुतर्फा पाइन वृक्ष, मेंढ्यांची कुरणं आणि मधेमधे थडगी. त्यातलं राबिरियांचं थडगं आम्हाला बघायचं होतं. विटांच्या नव्याने उभारलेल्या भिंतीत तीन अर्धपुतळे ओळीने बसवलेत. इथे आहेत ते साचे. मूळ शिल्प पलाझ्झो मास्सिमोत आहे. मधे राबिरिया डेमारिस, एका बाजूला गायस राबिरियस हर्मोडोरस, दुसरीकडे इसिस देवीची पुजारीण उसिया प्रिमा, तिच्याशेजारी देवीच्या पूजेतलं खुळखुळ्यासारखं वाद्य कोरलेलं. हर्मोडोरस आणि डेमारिस ही ग्रीक नावं. बहुधा ही दोघं राबिरियस पोस्तुमस या सावकाराची गुलाम होती, ज्याच्यासाठी प्रसिद्ध वक्ता सिसेरो न्यायालयात उभा राहिला होता. रोमन कायद्यात गुलामाला बाप नसे. स्वतंत्र माणूस दगडावर ‘अमक्याचा मुलगा’ लिही; सुटलेला गुलाम ‘अमक्याचा मुक्त केलेला’ लिही. आजोबांचा मुखवटा यांच्याकडे कुठून येणार?

आणि तरी हर्मोडोरसचा चेहरा बघा. कपाळावर आठ्या, गालांवर त्याच उभ्या रेघा, तोच मिटलेला ओठ, सिनेटवाल्यांचा अगदी तोच साचा. अंगावर टोगा, म्हणजे नागरिकाचा पोशाख. ज्याला निवडणूक लढवता येत नव्हती, त्याने सनद तेवढी चेहऱ्यावर कोरून घेतली आणि शहरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने बघावी अशी रस्त्याच्या कडेला लावली. सोमवारपासून मी ज्या श्रीमंतांच्या सुरकुत्या बघत होते, त्या सगळ्यांपेक्षा ही मला जास्त पटली.

ताईने नेहमीप्रमाणे बाजूने जबडा बघितला. “याचे दात आहेत हं अजून,” म्हणाली. “गाल आत नाहीत. म्हातारा दिसायचंय म्हणून दिसतोय.”

आम्ही तिथे बराच वेळ काढला. एक कॉलेजवयीन मुलगी दगडावर बसून तिघांची चित्रं काढत होती. तिने वही दाखवली. हर्मोडोरसच्या आठ्या तिने तीनदा खोडून काढल्या होत्या. परतीची बस रविवारी उशिरा येते, तेव्हा विमान त्याच संध्याकाळचं असेल तर आप्पिया सकाळी लवकर उरका. आमचं सोमवारी दुपारी होतं, त्यामुळे आम्ही पुढच्या कॅफेत दोन कॉफ्या आणि मलई भरलेला मारितोत्सो (गोड पाव) मागवला आणि बसची वाट बघत बसलो.